यंत्रावरची दोन अक्षरे



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण दहावीपुरते. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारावर, संघटनेच्या कचेरीत आणि रात्रीच्या दिव्याखाली. तेव्हा आज चिनी भाषेवर व्याख्यान ऐकायला मिळेल असे कोणी समजू नये. एका कामगार कार्यकर्त्याने पन्नाशीत पाटी का हातात घेतली, एवढेच सांगणार आहे.

2017 सालची गोष्ट. आमच्या भागातील एका कारखान्यात चीनहून आलेल्या प्रेस यंत्रावर एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली. चौकशी झाली. व्यवस्थापनाचे साहेब शांतपणे म्हणाले, “सूचना यंत्रावरच लिहिलेली होती.” लिहिलेली होती, हे खरे. पण ती होती चिनीत! मी तीस वर्षे गेटसभा गाजवल्या, करार केले, कायद्याची कलमे तोंडपाठ केली. पण त्या दिवशी त्या पाटीपुढे मी निरक्षर होतो. पाटीवरची मोठी दोन अक्षरे मी कागदावर उतरवून घेतली आणि तो कागद खिशात ठेवला.

पुढे दोन वर्षे पैसे साठवले आणि 2019 च्या उन्हाळ्यात बीजिंगच्या एका विद्यापीठात परदेशी लोकांसाठी असलेल्या चार आठवड्यांच्या वर्गात दाखल झालो. सकाळी भाषा, दुपारी कुंचल्याने अक्षरे गिरवणे, संध्याकाळी शहरात भटकणे. वर्गात सारी विशी-बाविशीची पोरे. मला पाहून काहींना वाटले, मास्तर आले!

पहिल्याच दिवशी एक नवल कळले. रोमन लिपीत ‘बीजिंग’ लिहितात खरे, पण तिथला उच्चार आपल्या ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. आपण ब आणि प यांत जो भेद करतो तो ते करीत नाहीत. प आणि फ यांतला मात्र काटेकोर पाळतात. हा भेद आपल्या आईच्या भाषेत आयताच आहे. शिवाय ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चूल’मधला च वेगळा, हे मराठी पोराला शिकवावे लागत नाही, त्या भाषेत दोन्ही जातीचे ध्वनी आहेत. म्हणून मी सारी वही देवनागरीत लिहिली आणि उच्चारांत शेजारच्या पोरांच्या पुढे गेलो.

पण सुरांनी माझी खोड मोडली. या भाषेत एकच अक्षर चार सुरांत चार अर्थांचे होते. ‘मा’ म्हणजे आई, ताग, घोडा किंवा शिव्या देणे! त्याहून गंमत म्हणजे ‘माइ’. सूर खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणे, झटक्याने खाली टाकला तर विकणे. फळवाल्या बाईला मी चार दिवस ऐटीत सांगत होतो की, मला सफरचंदे विकायची आहेत. ती बिचारी हसून पिशवी भरून देई.

अक्षरांचेही तसेच. एक झाड काढले की ‘मु’, दोन काढली की राई, तीन काढली की अरण्य. दोन आडव्या रेघा, त्यांना जोडणारी एक उभी रेघ. झाले ‘कुंग’ म्हणजे काम. त्यापुढे दोन पाय टाकून चालणारा माणूस काढला की ‘कुंगरेन’, कामगार. हे अक्षर मी ज्या दिवशी पहिल्याने धड काढले, त्या दिवशी मला पगारवाढीचा करार झाल्याइतका आनंद झाला.

तिसऱ्या आठवड्यात मी खिशातला कागद बाईंपुढे ठेवला. त्या वाचून गंभीर झाल्या. म्हणाल्या, “वेइशियेन. धोका.” मग मी सारी हकिकत सांगितली. त्यांनी आणखी एक शब्द फळ्यावर लिहिला : ‘शियाओशिन’. शियाओ म्हणजे लहान, शिन म्हणजे काळीज. दोन्ही मिळून अर्थ होतो, जपून! ओल्या फरशीवर, जिन्यावर, सगळीकडे ही पाटी असते. आपल्या माणसासाठी तेवढी एक पाटी मराठीत लावायला काय खर्च आला असता?

संघटनेला ते ‘कुंगहुई’ म्हणतात, आणि संपाला ‘पाकुंग’, म्हणजे काम थांबवणे. तिथला अखिल चीन कामगार महासंघ 1925 सालचा; पण त्याच्या बाहेर स्वतंत्र संघटना काढता येत नाही. 1975 च्या राज्यघटनेत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. 1982 च्या घटनेतून ते गेले. 1982! त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईचा अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेला होता. तिथे संप घटनेतून गेला. इथे संप राहिला, गिरण्या गेल्या. कोण जास्त हरले, याचा हिशेब मी अजून मांडतो आहे.

त्याच उन्हाळ्यात तिथल्या संगणक कंपन्यांतील तरुणांच्या तोंडी ‘996’ हा आकडा होता : सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस. 2021 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा म्हटली. तेव्हा चिनी माल स्वस्त का, याचे उत्तर केवळ यंत्रात शोधू नका. त्यामागे उभा असलेला कुंगरेनही पाहा.

कोणी विचारील, 1962 विसरलास काय? 2020 साली गलवानला आपले वीस जवान गेले, ते विसरलास काय? नाही विसरलो. पण एका रविवारी मी रेल्वेने शिजियाझुआंगला गेलो होतो. तिथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा पुतळा आहे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, चिनी शिकले, त्याच भाषेत जखमींची विचारपूस केली, विद्यार्थ्यांना शिकवले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. तिथे फुले वाहायला आलेल्या एका आजोबांना मी मोडक्या चिनीत सांगितले, “मी त्यांच्याच मुलखातला.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही. सरहद्दीचे भांडण सरहद्दीवर खरेच आहे. पण ज्याच्याशी भांडायचे वा समेट करायचा, त्याची भाषा आपल्याला येऊ नये, हे कोणत्या देशभक्तीत बसते?

चार आठवड्यांत भाषा येत नाही, हे कबूल करतो. दोनेकशे अक्षरे आली, त्यांतली निम्मी विसरलो. पण परत आल्यावर त्या कारखान्याच्या नव्या करारात एक कलम घातले : बाहेरून आलेल्या प्रत्येक यंत्रावरची सूचना, यंत्र चालू होण्याआधी मराठीत आणि हिंदीत लावली पाहिजे. साहेब म्हणाले, भाषांतर कोण करणार? मी खिशातला तोच कागद टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवला. कलम मान्य झाले.

तो तरुण आता त्याच कारखान्यात भांडारात काम करतो. पहिली मराठी पाटी यंत्रावर त्यानेच ठोकली, उरलेल्या तीन बोटांनी खिळा धरून. जे शिकलो, त्याची माझी पदवी तीच.