ऐकलेलं दिसू द्या

आवाजावर चालणारी उपकरणं घडवणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

 आपली परिषद अहिल्यानगरात भरली, याचा मला विशेष आनंद आहे. याच जिल्ह्यातल्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले, अशी आपली परंपरा सांगते. पुढे नकला होता होता पाठ बिघडले आणि शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. बोललेलं उतरवताना चूक होते, आणि ती डोळ्यांना दिसली तरच दुरुस्त होते. आवाजी उपकरणाला पडदा हवा तो याचसाठी, असं माझं मत आहे.

गेल्या रब्बीतली गोष्ट. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, नेवासे तालुक्यात कांदा करतात. फोनशी बोलून विहिरीवरची मोटर चालू करायची सोय त्यांनी हौसेनं बसवून घेतली होती. रात्रपाळीची लाइट होती. साडेदहाला थ्री फेज आली आणि तात्या अंथरुणातूनच म्हणाले, "सव्वा तास मोटर चालव." पडद्यावर निळ्या लाटा हलल्या, हिरवी खूण उमटली, खाली बारीक अक्षरात एक इंग्रजी ओळ आली आणि चार-पाच सेकंदांत सगळं विझलं. यंत्रानं 'सव्वा'चं 'सहा' ऐकलं होतं. पहाटे तात्या रानात गेले तर वाफे तुंबलेले, विहीर तळाला गेलेली. मला फोन करून ते इतकंच म्हणाले, "हिरवी खूण आली, मला वाटलं त्याला कळलं."

त्या पडद्यावर "चालू 10:30, बंद 4:30" एवढंच मोठ्या अक्षरात आलं असतं, तर तात्या ताडकन उठून बसले असते. नुसतं "6 तास" लिहूनही भागलं नसतं. झोपेत माणूस आकडा वाचतो आणि सोडून देतो. पहाटेचे साडेचार मात्र त्याच्या अंगावर येतात. म्हणून माझा आग्रह असा की, यंत्रानं काय ऐकलं याबरोबर त्यातून काय होणार तेही दाखवा. आणि माणूस "बरोबर" किंवा "नाही" म्हणेपर्यंत ते पुसू नका.

मराठीत हे जास्तच गरजेचं आहे. आपला शेतकरी सव्वा, दीड, अडीचशे, पावणेदोनशे याच मापांत बोलतो. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला! घरात आणि बाजारात आजही एकवीसच चालतं. सदतीस आणि सदुसष्ट गोंगाटात यंत्राच्या कानाला सारखेच. घोडेगावच्या कांदा बाजारात लिलाव चालू असताना बोलून पाहा. म्हणून माणसाला शब्दांत बोलू द्या, पण समोर उमटू द्या अंकात: 250, 175, 37.

गूगलनं 2017 साली मराठीत बोलून लिहायची सोय दिली, पुढच्या वर्षी त्यांचा असिस्टंट मराठी बोलू लागला. पण नुसता आवाज पुरत नाही. ॲमेझॉनचा 2014 चा इको स्पीकर बिनपडद्याचा होता. 2017 मध्ये इको शो पडदा घेऊन आला. कारण उघड आहे: यादीतली पाच नावं ऐकेपर्यंत पहिलं विसरतं. यादी दाखवाल तेव्हा नावांपुढे मोठे अंक घाला, म्हणजे पिठाच्या हातांनी ओट्यापाशी उभी असलेली बाई नुसतं "तिसरं" म्हणू शकेल.

आता अक्षरांबद्दल. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठरवलं की आपल्या अक्षरांचा जीव जातो. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. एका नमुन्यात मी स्वतः पाहिलं, 'बंद'वरचा ठिपका चौकटीत कापला जाऊन 'बद' उरलं होतं. मोटरच्या पडद्यावर नेमका तोच शब्द! देवनागरीला वर-खाली मोकळी जागा द्या. त्यासाठी दोन शब्द कमी करावे लागले तरी चालतील.

आणि शब्द घरातले ठेवा. "संदेश प्रेषित झाला" कशासाठी? "मेसेज गेला" म्हणा. मोटरला मोटरच म्हणा. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आजी "नगरचा भाव सांग" म्हणणार. यंत्रानं तिला अडवू नये. पडद्यावर "अहिल्यानगर" लिहून भाव दाखवावा.

दुपारच्या सत्रात तुम्ही आपापले नमुने मांडणार आहात. ते मी टेबलाशी बसून पाहणार नाही. आठ हात लांब उभा राहीन, चष्मा काढीन, आणि प्रत्येक उपकरणाला म्हणेन, "सव्वा तास मोटर चालव." बंद व्हायची वेळ मला तिथून वाचता आली पाहिजे.