फांद्या तोडण्याआधी फर्न लावून बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सर्वसाधारण सभेत एक विषय हमखास निघतो. सोसायटी झाली तेव्हा लावलेली झाडं आता तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. गॅलरीत ऊन येत नाही, तुळस टिकत नाही, गुलाबाला कळी धरत नाही, तेव्हा फांद्या छाटा! माझी विनंती एवढीच, की कोयता मागवण्याआधी त्या सावलीत नेचे, म्हणजेच फर्न, लावून बघा. रानात ते मोठ्या झाडांच्या छायेतच वाढतात.

पण मंडळी, सावली म्हणजे अंधार नव्हे. दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो का, ते बघा. येत असेल तर जागा चालेल. जिन्याचा अंधारा कोपरा नको, पंख्याखाली आणि एसीच्या झोतात तर नकोच. फर्नला कोरडी हवा सोसत नाही.

लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांचे फर्न कोळशाच्या धुराने मरत. १८२९च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला, तर मातीत फर्न आपोआप उगवला! ओल आत राहिली, धूर बाहेर राहिला. पुढे अशाच काचपेट्यांतून रोपं बोटीने देशोदेशी गेली. चीनमधून भारतात चहाची रोपंही आली. आपण पेट्या नको करायला, पण कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तरी ओलावा बरा टिकतो.

आता कोणता घ्यायचा? नवख्यांनी बोस्टन फर्न घ्यावा. तो बराच सोशिक. बर्ड्स नेस्ट घेतला तर पाणी कडेने घाला, मधल्या वाटीत साचलं की कोंब कुजतो. हंसराज काळ्या तारेसारख्या देठांचा, देखणा पण नाजूक. माती एकदा सुकली की पानं करपतात. त्याला खिडकी असलेलं न्हाणीघर मानवतं. आणि ‘ॲस्परागस फर्न’ म्हणून विकतात तो फर्नच नव्हे, शतावरीचा भाऊबंद आहे.

नर्सरीत रोपाच्या मधोमध गुंडाळलेली नवी पानं दिसली तर रोप जोमात आहे. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर कीड समजून औषध मारू नका. फर्नला फूल नाही, बी नाही. त्या ठिपक्यांतल्या बीजाणूंपासूनच त्याचा वंश वाढतो. ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील आणि हाताला चिकट लागलं, तर मात्र कीड.

माती, कोकोपीट आणि कुजलेला पाला समसमान घ्या. आपण रोज पोत्यात भरून बाहेर टाकतो तो पाचोळा याच झाडांचा आहे. एका कोपऱ्यात कुजवला तर सगळ्यांना पुरेल. बोट घालून बघा, वरची माती सुकू लागली की पाणी द्या. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. पावसाचं पाणी उत्तम. थाळीत साचलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर डास होतात. कुंडी मोरीत नेऊन पाणी घालावं, म्हणजे खालच्यांचे वाळत घातलेले कपडेही सुखरूप!

शेवटचं आणि महत्त्वाचं. पावसाळी सहलीला गेलात की घाटातला फर्न उपटून आणू नका. कातळाच्या फटीतून ओढताना मुळं तुटतात. शिवाय पावसाळ्यात उगवणारे कितीतरी नेचे हिवाळ्यात वरून वाळतातच. आपण मेला म्हणून फेकतो, तोच रानात पुढच्या पावसात पुन्हा फुटला असता.

त्यापेक्षा शेजाऱ्याकडे मागा. बोस्टन फर्नची कुंडी भरली की जून-जुलैमध्ये गड्डा मुळांसकट विभागता येतो, एकाचे तीन-चार होतात. प्रत्येक विंगमध्ये एकाने एक कुंडी जगवली, तर दोन-तीन पावसाळ्यांत सावलीतल्या सगळ्या गॅलऱ्या हिरव्या होतील, आणि सभेतला तो विषयही मिटेल.