बेल्टच्या दशा का निघाल्या?



आमच्या गटाची जुनी गाडी पापड-मसाले घेऊन अंबडहून जालन्याच्या बाजाराला जाते. सकाळी सुरू केली की ती चीं-चीं करायची. बॉनेट उघडून पाहिलं, तर इंजिनच्या बेल्टच्या कडेला दशा निघालेल्या. आम्ही नवा बेल्ट टाकला. दोन महिन्यांत त्याचीही तीच गत! गटाचे पैसे दोनदा गेले.

मग दुसऱ्या मिस्त्रींनी बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवून दाखवली. एक खरखरत होती, डुगडुगतही होती. तिचं बेअरिंग गेलं होतं. पुली तिरकी फिरली की बेल्टची कड घासते. म्हणजे दुखणं पुलीचं आणि खर्च बेल्टवर!

आता आम्ही स्वतः बघतो. गाडी बंद, किल्ली आपल्या हातात, इंजिन थंड, मगच बॉनेट उघडतो. बेल्टला भेगा आहेत का? दोरे सुटलेत का? तेल लागलंय का? ढिला किंवा तेलकट बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी जवळ नेऊ नका.

या बेल्टवरच बॅटरी चार्ज होते. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्यावरच फिरतो. वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला, इंजिन तापायला लागलं, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

आणि मिस्त्रींना विचारायला लाजू नका, ‘दादा, बेल्ट बदला, पण तो झिजला कशानं?’ पैसा आपल्या बचतीचा आहे.