फुफीचा वाटा

मित्रांनो, आणि आपा,

फुफीला जाऊन आज चाळीस दिवस झाले. वय विचारलं की ती म्हणायची, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सव्वीस." भूकंप 1967 चा. त्या हिशेबाने ती त्र्याऐंशी वर्षं जगली.

भूकंपानंतर वर्षभरात नवऱ्याने तीनदा तलाक म्हणून तिला घराबाहेर काढलं. कडेवर आपा आणि हातात एक ट्रंक, अशी ती कऱ्हाडला माहेरी आली. मग शिलाई मशीन. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे शर्ट तिने शिवले. माझाही, आणि तो कायम एक माप मोठा, "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून. बाराखडी मी तिच्याकडेच शिकलो, मशीनच्या खडखडाटात.

दादाजान 1989 मध्ये गेले. दादी आधीच गेली होती. मागे दीड एकर शेत आणि घर. शरियतप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक. तो एकही फुफीने हक्कसोडपत्रावर सही करून अब्बांना देऊन टाकला. जबरदस्ती कुणी केली नाही. तुला काय हवंय, असं विचारलंही नाही कुणी. (शेजारच्या हिंदू घरांतही फार वेगळं नव्हतं.) 2005 मध्ये ते शेत विकून माझी इंजिनिअरिंगची फी भरली.

22 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मी ऑफिसातून फोन केला, "फुफी, जिंकलो!" ती म्हणाली, "बरं झालं. आता सातबाऱ्याचं कधी बघतोस?" मला चेष्टा वाटली. पुढच्या सुट्टीत विचारलं, सही का केलीस?

"वाटा मागितला असता तर माहेर तुटलं असतं. पोरीला घेऊन राहायचं कुठं?"

हे ऐकूनही मी सात वर्षं काही केलं नाही. दुसऱ्याच्या कोडमधला बग मला लगेच सापडतो.

शेत आता परत येणार नाही. घर अब्बांनंतर अम्मीच्या आणि माझ्या नावावर आहे. त्याचा तिसरा हिस्सा बक्षीसपत्राने आपाच्या नावे करायचं आम्ही ठरवलंय. मसुदा तयार आहे. आपा, तू नको म्हणतेयस. का, तेही मला ठाऊक आहे. माहेर तुटणार नाही. सोमवारी अकरा वाजता आधार कार्ड घेऊन निबंधक कार्यालयात ये. अम्मीही येणार आहे.