कावळा मेला, मग बातमी कुठे गेली?

पनवेलहून बोलतोय. आजचा विषय आहे बर्ड फ्लूची बातमी. ती येते कशी, आणि गुपचूप संपते कधी, ते बघू.

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथल्या पोल्ट्रीत. बातमी कोंबड्यांचीच होती. लाखो कोंबड्या मारल्या, चिकनचे भाव पडले, माणसाला लागण होईल का? रानातल्या पक्ष्याचं नाव आलं तर संशयित म्हणून.

जानेवारी २०२१. परभणीजवळ मुरुंब्यात ८००च्या आसपास कोंबड्या मेल्या. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, दापोली, बीड इथल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले. कोविडची भीती होतीच, त्यामुळे कावळा थेट हेडलाइनमध्ये! पण प्रश्न काय? ‘अंडी खायची का?’ ७० अंशांवर नीट शिजवलं की विषाणू मरतो, हे सांगून झालं आणि कावळाही बातमीतून उडाला.

जानेवारी २०२५. नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने गेल्याचं कळलं. मृत्यू डिसेंबरमधले, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जानेवारीत. त्याच महिन्यात उदगीरला कावळे, आणि आपल्या शेजारी उरणच्या चिरनेरला कोंबड्या. मी या तीन सुट्या बातम्या म्हणून वाचल्या. रोग एकच, हे माझं मलाच जोडावं लागलं.

म्हणजे वीस वर्षांत बातमी कोंबडीवरून कावळ्यावर आणि कावळ्यावरून वाघावर गेली. सुटला तो पाठपुरावा. मृत्यूची बातमी आज येते, कारण नंतर कळतं, आणि तोवर आपलं लक्ष दुसरीकडे.

आपल्याकडे हे परवडणारं नाही. एका बाजूला कर्नाळ्याचं अभयारण्य, दुसरीकडे उरणच्या पाणथळ जागा, मध्ये चिकनची दुकानं आणि कचऱ्याचे ढीग. कावळा मेलेलं खातो आणि माणसाच्या वस्तीत राहतो. म्हणून त्याचं मरण ही आधीची सूचना असू शकते. दरवेळी बर्ड फ्लूच असेल असं नाही, पण तपासायला हवं.

तेव्हा एकाच जागी तीन-चार कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि पंधरा दिवसांनी आपल्या ओळखीच्या पत्रकाराला एवढंच विचारा: “अहो, त्या कावळ्यांचा रिपोर्ट काय आला?”

भेटू पुढच्या भागात.