'मावशी, माझं नाक असं का?'

(तालुक्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय 'मुली आणि मोबाईल'. तो वाचून दाखवल्याबरोबर मागच्या रांगेतून आवाज आला, "काढून घ्यावा हातातनं, विषय संपला." सगळ्या हसलो. पण त्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

आधी माझ्या घरातलं सांगते. माझ्या बहिणीची मुलगी तेव्हा नववीत होती. करोनात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून घरात तिच्यापुरता एक फोन आला. २०२२ मध्ये शाळा नीट सुरू झाल्या, सगळ्यांचे मास्क निघाले, हिचा निघेना. वर्गात मास्क, रिक्षात मास्क. डबा तसाच परत, कारण डबा खायचा तर मास्क काढावा लागतो. बहीण म्हणायची, नखरे आहेत नुसते. आणि मी? मी पस्तीस वर्षं चळवळीत काढलेली बाई. मी तिला ऐकवलं, "अगं, रूपाचं काय घेऊन बसलीस? बाईची किंमत तिच्या कर्तृत्वावर ठरते." वाक्य काही चुकीचं नाही, कितीतरी सभांत त्यावर टाळ्या पडल्यात. त्यानंतर पोरगी दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही.

मग एका रात्री, दिवा घालवल्यावर, तीच म्हणाली, "मावशी, माझं नाक असं का आहे गं?"

त्या वेळी मी गप्प बसले. गप्प बसल्यामुळेच पुढचं कळलं. रोज शाळेत जायच्या आधी ती वीस-पंचवीस फोटो काढायची आणि सगळे पुसून टाकायची. एक फोटो ठेवलेला होता. त्यात डोळे टपोरे, नाक सरळ, हनुवटी निमुळती, रंग दोन छटा उजळ. फोनच ते करून देतो, त्याला फिल्टर म्हणतात. तो फोटो दाखवून ती म्हणाली, "मी अशी पाहिजे होते."

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना १९९४ आठवत असेल. सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जगत्सुंदऱ्या झाल्या आणि गल्लोगल्ली स्पर्धा निघाल्या. १९९६ मध्ये बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा तिथे निदर्शनं झाली, इकडे आपण पत्रकं वाटली. बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका, असं आपण म्हणत होतो, आणि ते खरंच होतं. पण तेव्हा पोस्टरवरची बाई दुसरी कुणीतरी होती. "ती कुठे, आपण कुठे" म्हणून सोडून देता यायचं. आता पोस्टरवर मुलगी स्वतःच आहे, स्वतःचाच दुरुस्त केलेला चेहरा. त्याच्याशी तुलना करून ती रोज हरते. हे आम्हाला समजायला उशीर झाला, हे कबूल करायला हवं.

रंगाचंही तसंच. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली. २०२० मध्ये कंपनीने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. आपण खूष झालो. तोवर गोरेपणा ट्यूबमधून निघून फोनच्या कॅमेऱ्यात जाऊन बसला होता. जाता जाता एक सांगून ठेवते: मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड असलेली मलमं मुली चेहऱ्याला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि मलम बंद केलं की आग होते. ट्यूबवरचं नाव वाचा आणि मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या.

आता नाकाचं. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हाताच्या अंतरावर धरलेल्या कॅमेऱ्याला नाक जवळ पडतं आणि कान लांब, एवढंच कारण. म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती. फोटोत नाक खरंच मोठं येत होतं. फक्त ते तिचं नाक नव्हतं. मी शिवणाची टेप काढली, भिंतीवर खूण केली आणि तिचे दोन फोटो काढले. ती बराच वेळ बघत बसली. लगेच मास्क निघाला असं नाही झालं, पण माझ्या भाषणाने जे झालं नव्हतं ते टेपने सुरू झालं.

आणखी एक गोष्ट माहीत हवी. फोनवर आपण कुठल्या चित्रापाशी थांबतो याचा हिशेब कंपनी ठेवते आणि तसलंच आणखी पुढे करते. बारीक होण्याच्या एका व्हिडिओपाशी मुलगी थांबली की पुढचे दहा तेच. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने स्वतःच पाहणी केली होती. ते कागद २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आले. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. या आकड्यांचा असा अर्थ काढू नका, असं कंपनीचं म्हणणं. पण कागद बाहेर आले ते आतल्याच एका बाईने, फ्रान्सेस हॉगन यांनी, दिले म्हणून.

तर मग काढून घ्यायचा का फोन? यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने २०२२ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्यामागची काळजी मला कळते. पण बायांनो, बंदी घरात आली की फोन कुणाचा जातो? मुलाचा नाही जात. मुलीचा जातो, आणि त्यासोबत तिची मैत्रीण जाते, नोकरीची जाहिरात जाते, रात्री एसटी चुकली तर घरी कळवण्याची सोयही जाते. आपल्या आयांनी आपल्याला खिडकीत उभं राहू दिलं नव्हतं, ते आठवा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे त्याच वर्षी वेगळं झालं. तिथे विषय महिलांच्या ग्रामसभेत निघाला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद, असं ठरलं. सगळ्यांचे. आजोबांचा टीव्हीही आणि आईची मालिकाही. मला यातलं 'सगळ्यांचे' फार आवडतं.

मुलांना विसरू नका. मुलगा जिमला जातो म्हणून आपण निर्धास्त. पण दंड भरत नाहीत म्हणून शर्ट न काढणारा, पावडरीच्या डब्यासाठी पैसे चोरणारा पोरगा मी पाहिलाय. तो रडत नाही, चिडतो, म्हणून आपल्याला कळत नाही.

लक्ष कुठे ठेवायचं? जेवण टाळणं, जेवल्यावर मोरीत फार वेळ लावणं, लग्नाकार्याला येत नाही म्हणणं, तासन्‌तास आरशासमोर किंवा आरसा झाकूनच ठेवणं. असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर उपदेश थांबवा. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे चौकशी करा. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मुलीला एकटं ठेवू नका. "वेड लागलंय का" असं कुणी विचारलं तर सांगा, ताप आला तरी आम्ही दवाखान्यात जातो.

माझ्या भाचीला आम्ही नेलं होतं. सहा-सात खेपा झाल्या. मास्क नेमका कोणत्या दिवशी निघाला ते बहिणीलाही सांगता येत नाही. डबा रिकामा आला तो दिवस मात्र तिच्या लक्षात आहे. पोरीची आता बारावी झाली. नाकाबद्दल अजून कुरकुर असते. फोनही आहे.

आता चहा घेऊ. चहानंतर जोड्या करायच्यात. टेबलावर आठ टेपा ठेवल्यात. एकीने एका फुटावरून आणि पाच फुटांवरून दुसरीचा फोटो काढायचा आणि दोन्ही तिला दाखवायचे. फिल्टर लावायचा नाही. आणि मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही माझ्या जोडीला या.