नेता सज्जात, भाव मुठीत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



'मी गरिबांचा, बाकी सगळे लुटारू' असे सांगणारा नेता आपण पुष्कळदा ऐकला. आम्ही शेतकी शिकलेली माणसे, पण अशा सभांत टाळ्या आम्हीही वाजवल्या आहेत. म्हणून आज इथल्या कुणाचे नाव न घेता दूरच्या दोन देशांची हकिकत सांगतो.

पहिला देश अर्जेंटिना. जगाला गहू विकणारा. १९४६ साली तिथे हुआन पेरॉन राष्ट्राध्यक्ष झाले. ते वाड्याच्या सज्जात उभे राहत आणि खाली चौकात कामगारांचा समुद्र. शहरातले शिष्ट लोक कामगारांना 'बिनसदऱ्याचे' म्हणून हिणवत. पेरॉननी तेच नाव मानाचे केले. हे सगळे ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. कामगारांना भरपगारी रजा मिळाली, वर्षाला तेरावा पगार मिळाला. १९४७ साली बायकांना मताचा हक्क मिळाला. लोक उगाच कुणाच्या मागे जात नाहीत.

पण पैसा आला कुठून? त्याच १९४६ साली सरकारने एक महामंडळ काढले. परदेशी जाणारे धान्य या महामंडळालाच घालायचे. महायुद्ध नुकते संपलेले, युरोप उपाशी, गव्हाचे भाव चढलेले. महामंडळ शेतकऱ्याला कमी भाव देई आणि बाहेर चढ्या भावाने विकी. मधला पैसा कारखानदारीला आणि शहरातल्या स्वस्ताईला गेला. शेतकऱ्याने काय केले? गव्हाचा पेरा कमी केला. त्यावर दुष्काळ पडला. १९५२ साली गहू विकणाऱ्या देशाला गहू बाहेरून आणावा लागला. भरडधान्याचे पीठ मिसळलेला काळपट पाव लोकांनी खाल्ला. मग सरकारला शेतकऱ्याची आठवण झाली. १९५५ साली लष्कराने पेरॉनना हटवले.

आपल्यातल्या जुन्या माणसांना यात ओळखीचे काही दिसेल. महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारलाच घाला, राज्याबाहेर नेऊ नका. ती योजनाही शेतकऱ्याच्या नावानेच आली होती. आज ती राहिली नाही.

कुणी म्हणेल, तिथे भाव पाडला म्हणून वाईट झाले. भाव वाढवून देणारा नेता आला तर? त्यासाठी दुसरा देश, थायलंड. २०११ साली यिंगलक शिनावात्रा भाताला टनामागे १५,००० बाहत देण्याचे वचन देऊन निवडून आल्या. बाजारापेक्षा जवळपास दीडपट. तांदूळ गोदामात दाबून धरू, जगात भाव चढेल, मग विकू, असा बेत होता. पण त्याच वर्षी भारताने साध्या तांदळाची निर्यात खुली केली. जगाने इकडून तांदूळ घेतला. तिकडे गोदामे भरली, तिजोरी आटली. २०१३ च्या अखेरीस चुकारे अडकले. महिनोन्‌महिने पैसे नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडे निघाले. मे महिन्यात लष्कर आले आणि शेतकऱ्याच्या मताचीही किंमत गेली.

एकाने आपल्या खिशातून काढले, दुसऱ्याने खिशात घातले. पण दोन्हीकडे भावाची किल्ली नेत्याच्या मुठीत राहिली. 'मीच जनता' म्हणणाऱ्या नेत्याला हिशेब विचारला की विचारणारा जनतेचा शत्रू ठरतो. हीच या राजकारणाची खरी खूण आहे, मग झेंडा कोणताही असो.

याचा अर्थ कामगार आपला वैरी, असा नाही. लष्कर बरे, असा तर मुळीच नाही. नेता मतानेच यावा आणि मतानेच जावा. पण तोवर त्याला विचारायला आपण शिकले पाहिजे.

म्हणून पुढच्या सभेला जाल तेव्हा उभे राहून तीन गोष्टी विचारा. हा पैसा कुणाच्या खळ्यातून येणार? हिशेब आम्हाला कोण दाखवणार? आणि तुमची खुर्ची गेली तर आमचा हक्क राहणार की जाणार? कापूस वेचणाऱ्या मायबहिणींनी आधी विचारावे, त्यांना घरातला हिशेब पुरुषांपेक्षा नीट ठाऊक असतो. उत्तर मिळेपर्यंत आपण सगळ्यांनी टाळी राखून ठेवू.